कळा : शून्य

सोमवार, ४ फेब्रुवारी

आलो एकदाचे. सामान वर चढवेपर्यंत दुपारचे दोन वाजले. क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. भिंतींना नुकताच रंग दिलाय, त्याचा वास अजून आहे. नळाला पाणी चांगलं येतं. पहिला पेला सवयीने उजेडात धरून पाहिला. सतरा वर्षं पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काढली, ती सवय आता जायची नाही.

भिंगरी खूश आहे. आल्या आल्या तिने खिडकीजवळचा पलंग बळकावला आणि तिथून मी रुजू होणार त्या संस्थेच्या पांढऱ्या इमारतीच्या खिडक्या मोजल्या. एकशे चार भरल्या. मी मोजल्या तर एकशे दोन. त्यावरून आमचा वाद झाला. ती नऊ वर्षांची आहे. भिंगरी हे नाव तिच्या आईने ठेवलं, कारण चालायला लागल्यापासून एका जागी ठरत नसे. पुढे दुखणं सुरू झालं आणि महिन्यातले आठ-दहा दिवस पलंगावर जाऊ लागले, पण नाव तेच राहिलं. आज तिने जिना दोनदा चढून-उतरून पाहिला. मी नको म्हणालो, पण मनापासून नाही.

ही वही ताईने दिली. तू बोलत तर नाहीसच, निदान लिही, म्हणाली. पाण्याच्या नोंदी ठेवायचो तशाच ठेवीन. तारीख, जागा, काय दिसलं.

उद्या बायकोला जाऊन अकरा महिने होतील. तिला हे घर आवडलं असतं. उजेड खूप आहे.

बुधवार, ६ फेब्रुवारी

कामाचा पहिला दिवस. आमच्या खोलीला पाठपुरावा कक्ष म्हणतात. दोन टेबलं, दोन फोन, भिंतीला लागून कपाटं. दुसऱ्या टेबलावर बसतात त्यांना सगळे फोनताई म्हणतात. पन्नाशीच्या आहेत, सात वर्षं इथे. तासाभरात त्यांनी माझं नाव पाणीवाले ठेवलं. माझ्या तोंडून शब्द काढणं म्हणजे बंद नळाखाली बादली लावून बसणं आहे, असं त्या चहावाल्याला सांगत होत्या. मी ऐकतोय हे त्यांना माहीत होतं.

काम सोपं आहे. ज्यांना इथे भिंगरीच्या आजारावरची नवी सुई मिळाली आहे त्यांच्या घरी ठरलेल्या तारखांना फोन करायचा आणि फॉर्म भरायचा. चौदा प्रश्न. त्यांतला तिसरा महत्त्वाचा : गेल्या महिन्यात कळा आल्या का, किती वेळा? उत्तर शून्य आलं की त्याभोवती हिरवं वर्तुळ करायचं. दाराशेजारी एक फळा आहे, त्यावर एकूण शून्यांची संख्या रोज बदलतात. पन्नास शून्यं झाली की सगळ्या मजल्याला बिस्किटं.

हा प्रश्न महत्त्वाचा का, हे मला कुणी सांगायला नको. या आजारात रक्तातल्या गोल पेशी वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे कळा येतात. बायकोलाही हाच आजार; कळ आली की ती चादरीचं टोक दातांत धरायची. मी तिच्या नडग्यांना गरम पाण्याची पिशवी लावत बसायचो. कळ किती मोठी आहे ते मला तिच्या श्वासावरून कळायचं. त्यावरून ठरवायचो, घरी थांबायचं की दवाखाना गाठायचा.

शेवटच्या वेळी तिने कळ दिवसभर लपवली. भिंगरीचं शाळेचं संमेलन होतं. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या दिवशी छाती भरली. डॉक्टर म्हणाले, एक दिवस आधी आला असता तर.

आज मी अकरा फोन केले. अकरा शून्यं.

शनिवार, १६ फेब्रुवारी

कर्मचाऱ्यांच्या मुलांचा नंबर लवकर लागतो. त्यासाठीच तर मी जुनी नोकरी सोडली. आज मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं होतं. हे संस्थेचे प्रमुख. आवाज मऊ, केस पांढरे, समोरच्याचं ऐकताना पेन खाली ठेवतात. त्यांची बहीण याच आजाराने गेली हे त्यांनी मला सहज सांगितलं, मोठेपणा न आणता.

त्यांनी चित्र काढून समजावलं. सुईतून तेलाचे अतिबारीक थेंब जातात. प्रत्येक थेंबात एक कात्री. ती हाडांच्या मगजात पोचते, रक्त घडवणाऱ्या पेशीत शिरते, आणि जनुकात जिथे एक अक्षर चुकलेलं आहे नेमकं तिथे कापून दुरुस्त करते. कात्री चुकून दुसरीकडे चालली तर? हे मी विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं. तशा दोनशे बारा संशयित जागा संगणकाने शोधून दिल्या होत्या. प्रत्येक जागा तपासली. एकही चुकीचा काप नाही.

मी एकच विचारलं, नमुना कुठला घेतला होता. ते म्हणाले, रक्ताचा, दंडातून. आजार रक्ताचाच आहे ना.

मला आमच्याकडचं आठवलं. शुद्धीकरण केंद्राच्या फाटकाशी एक नळ होता. नवीन माणसं नमुना तिथूनच घेऊन यायची, कारण जवळ पडायचा. त्या नळाचं पाणी कधीच खराब निघालं नाही. खराब निघायचं ते शेवटच्या गल्लीत.

हे बोलावं असं वाटलं होतं. पण इतका शिकलेला माणूस, आणि मी पाणी तपासणारा. गप्प बसलो. संमतीपत्रावर सही केली. वर ठळक अक्षरांत छापलं होतं की एकदा दिलेली सुई परत घेता येत नाही.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

दिली सुई. पाऊण तास लागला. भिंगरी सिस्टरला विचारत होती की कात्र्या आत गेल्यावर कपडे फाटतील का. सिस्टर म्हणाली, फाटले तर शिवून देईन. संध्याकाळी थोडी कणकण होती, रात्री उतरली.

रविवार, ३१ मार्च

चाळीस दिवस. एकही कळ नाही.

आज मैदानात ती इतर मुलींबरोबर पळापळी खेळली. मी बाकावर बसलो होतो. तीन वेळा तिच्यावर राज्य आलं आणि तिन्ही वेळा तिने धावून कुणालातरी पकडलं. घरी आल्यावर मी न्हाणीघरात जाऊन दार लावलं आणि नळ सोडून ठेवला, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. अकरा महिन्यांत आलं नव्हतं ते रडू आज आलं. अकरा कुठले, आता तेरा होत आले.

ताईला फोन केला. ती म्हणाली, भिंगरीच्या आईला हे दिसायला हवं होतं.

उद्या भिंगरीचा फॉर्म मीच भरणार आहे. फोनताईंनी मुद्दाम माझ्या टेबलावर ठेवलाय. स्वतःच्या मुलीला फोन लावा आणि नीट अहोजाहो करून विचारा, म्हणाल्या.

गुरुवार, ९ मे

शाळेतून आली आणि फरशीवर लाल ठसे उमटत गेले. उजव्या बुटाच्या तळातून टाचणी आरपार घुसली होती, मोठ्या डोक्याची, सूचनाफलकावर लावतात ती. सकाळच्या प्रार्थनेपासून तिच्या पायात असणार, कारण मोज्याचा वरचा भाग रक्त वाळून कडक झाला होता, तळ अजून ओला होता. मी विचारलं, लंगडली का नाहीस, बाईंना सांगितलं का नाहीस. तिला कळलंच नव्हतं.

औषध लावलं. झोंबणारं होतं. ती वाकून बघत होती, फेस कसा येतो ते.

खेळण्याच्या नादात मुलांना भान राहत नाही. मीही लहानपणी असाच होतो.

सोमवार, ३ जून

आज एका आईशी बोललो. तिच्या मुलाला सुई मिळून दीड वर्ष झालं. तिसऱ्या प्रश्नाला शून्य. पुढचेही सगळे ठीक. फोन ठेवता ठेवता ती हसत म्हणाली की पोरगा भलताच धसमुसळा झालाय, परवा जेवताना जिभेचा तुकडाच तोडला आणि ताट संपवून उठला. रक्त बघून तिलाच घेरी आली, तो मात्र खदखदून हसला.

दुपारी एक बाप. त्याची मुलगी इस्त्रीला टेकून पुस्तक वाचत होती. वासाने त्याला कळलं.

मी दोन्ही गोष्टी फॉर्मच्या कडेला पेन्सिलीने लिहिल्या. फोनताई म्हणाल्या, पाणीवाले, कडेला लिहिलेलं संगणकात चढत नाही, तिथे रकानाच नाही. अशा गोष्टी त्या किती ऐकतात, असं विचारलं. त्या चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, मुलं बरी झाली की मस्ती करतातच.

शनिवार, २२ जून

हे लिहायची लाज वाटते, पण नोंद ठेवायची म्हणजे ठेवायची.

दुपारी भिंगरी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. मी मागून गेलो आणि तिच्या पोटरीला चिमटा काढला. हलका. ती रंगवत राहिली. मग जोरात काढला, नखं रुतेपर्यंत. ती म्हणाली, बाबा, सरका ना, उजेड अडतोय.

माझा हात लागलेला तिला कळला होता. दुखलेलं कळलं नव्हतं.

पोटरीवर चार अर्धगोल उमटले आहेत. संध्याकाळी तिने ते पाहिले आणि विचारलं, काय चावलं असेल. मी म्हणालो, मुंगी असेल.

सोमवार, ८ जुलै

फोनताई दोन दिवस रजेवर आहेत. कोपऱ्यातल्या कपाटाची किल्ली त्यांच्या खणात असते. उघडलं.

आत बंद झालेले फॉर्म. म्हणजे ज्यांना आता फोन करायचा नाही त्यांचे. चारशे बारा जणांना आजवर सुई मिळाली. कपाटात एकोणतीस फॉर्म. मी सगळे वाचले. सहा वर्षांची मुलगी, झोपेत. बावीस वर्षांचा मुलगा, छातीत पाणी. चौदा वर्षांचा, पोटात आतडं फुटून दोन दिवस झाले होते, शाळेत गेला होता. एक बाई, झाडाला पाणी घालताना कोसळली.

प्रत्येकाच्या शेवटच्या फॉर्मवर तिसऱ्या प्रश्नापुढे हिरवं वर्तुळ.

आणि प्रत्येकावर शिक्का : मूळ आजाराशी संबंध नाही. नियमपुस्तकात पाहिलं. मृत्यूच्या आधीच्या तीस दिवसांत कळा आल्या असतील तरच तो मृत्यू या आजाराचा धरायचा. कळा नसतील तर इतर कारण. कळांशिवाय हा आजार मारतच नाही, असं सगळे धरून चाललेत. मीही धरलं होतं.

सुई दिल्यानंतर त्यांचं रक्त कुणी तपासलेलंच नाही. नियमात तेही आहे. कळा शून्य असतील तर गरज नाही.

म्हणजे पेशी दुरुस्त झाल्या म्हणून कळा थांबल्या, की —

शुक्रवार, १९ जुलै

आठ दिवस मागे लागलो तेव्हा मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळाली. एकोणतीस नावं कागदावर लिहून नेली होती. चिमट्याचंही सांगितलं. आयुष्यात एका दमात इतकं कधी बोललो नसेन.

त्यांनी पेन खाली ठेवलं. नाकारलं नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

त्यांना चार महिन्यांपासून शंका आहे. वेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या ज्या नसा असतात, त्यांच्या पेशींत एक जनुक असतं. ते कात्रीने दुरुस्त करायच्या जनुकासारखं दिसतं, दोन अक्षरांचा फरक. रक्ताच्या पेशीत ते घडी घालून बंद ठेवलेलं असतं, म्हणून तिथे कात्री पोचत नाही आणि तपासणीत काही सापडलं नाही. नसांमध्ये ते उघडं असतं. काही थेंब हाडांच्या मगजाकडे न जाता तिकडे गेले असावेत आणि कात्रीने ते जनुकच कापलं असावं. नसेचा नमुना घेता आला नाही, कारण जिवंत मुलाची ती नस कोण कापून देणार.

शेवटची गल्ली. मला माहीत होतं. मी बोललो नाही.

मी विचारलं, मग बंद का करत नाही. ते म्हणाले, समितीपुढे ठेवलंय, समिती महिनाअखेरीला बसते. ज्यांचं रक्त खरंच दुरुस्त झालंय त्यांच्यासाठी हे वरदान आहे, असं समितीतल्या काहींना वाटतं. मग खिडकीकडे बघत त्यांनी मला जे विचारलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

"समजा, उद्या वेदना परत आणणारी सुई मी बनवली. कुठला बाप त्यावर सही करील?"

मी करीन, असं म्हणालो. त्यांनी मान हलवली. तशी सुई नाही.

भिंगरीचं रक्त तपासायची चिठ्ठी मात्र दिली.

शुक्रवार, २ ऑगस्ट

अहवाल आला. शंभरांत नऊ.

शंभर पेशींतल्या नऊ दुरुस्त. बाकी एक्याण्णव पहिल्यासारख्या. वाकतात, अडकतात. फक्त आता ओरडत नाहीत.

मैदानात धावत होती. मी बाकावर बसून बघत होतो. तेव्हाही अडकत असणार.

सोमवार, ५ ऑगस्ट

तक्ता केलाय. दर दोन तासांनी डोळे, ओठ, नखं, श्वास मोजणे, डाव्या बरगडीखाली हात लावून पाहणे. तिथे प्लीहा असते, अडकलेलं रक्त तिथे साचलं की ती फुगते. सुई देणाऱ्या सिस्टरने दाखवून दिलं. गुपचूप दाखवलं.

शाळा बंद केली. दुपारी जेवायला घरी येतो तेव्हा तपासतो, मधल्या वेळात शेजारच्या आजींना सांगितलंय. जुनी औषधं पुन्हा सुरू केली. भिंगरी विचारते, मी बरी झाले ना, मग गोळ्या कशाला. बाबा, तुम्ही माझ्याकडे चोरासारखं बघता, म्हणते.

मंगळवार, १३ ऑगस्ट

फोनताईंना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. फळ्यावरचा आकडा वाचला. तीन हजार सहाशे सत्तर.

"सात वर्षं शून्य लिहिते आहे, पाणीवाले. मला वाटायचं, जगात चांगली बातमी लिहायचं काम फक्त मला मिळालंय."

मग कपाटातल्या एका फॉर्मबद्दल बोलल्या. झोपेत गेलेली सहा वर्षांची मुलगी. आदल्या दिवशी तिच्या आईने फोनवर सांगितलं होतं की मुलगी पिवळट दिसते. रकाना नव्हता.

आम्ही दोघांनी मिळून घरोघर फोन करायला घेतले. कळा विचारायच्या नाहीत. डोळे कसे दिसतात, पोट कडक लागतं का, एवढंच विचारायचं. चौदा झाले. मग फोन बंद पडले. दोन्ही. दुरुस्तीचं काम आहे म्हणाले.

बुधवार, २१ ऑगस्ट

आज सकाळी डोळ्यांत पिवळी झाक. की खिडकीच्या पडद्याची? पडदा पिवळा आहे. बाहेर उन्हात नेऊन पाहिलं. कळत नाही. ती म्हणते मस्त वाटतंय.

मोठे डॉक्टर परगावी. परिषदेत भाषण आहे. विषय आपल्या फळ्यावरचाच.

शनिवार, २४ ऑगस्ट

प्लीहा बरगडीखाली एक बोट.

तिला न उठवता पाहिलं. मग उठवलं. मग वाटलं, माझंच चुकत असेल. आजींना लावायला सांगितलं. त्या म्हणाल्या, काहीतरी लागतंय खरं.

मंगळवार, २७ ऑगस्ट

दुसऱ्या शहरातलं मोठं रुग्णालय. दोन तास बस. तिथला तरुण डॉक्टर चांगला होता. पण संस्थेचा पेशंट, संस्थेचं पत्र लागेल. पत्र मोठे डॉक्टर देणार. ते गुरुवारी येणार. त्याने भिंगरीला विचारलं कुठे दुखतं. ती म्हणाली, कुठेच नाही, आणि त्याच्या टेबलावरच्या चुंबकाशी खेळत बसली. तो माझ्याकडे बघत होता. मला कळलं तो काय विचार करतोय. बायको गेलेला माणूस.

परत येताना दोन बोटं.

गुरुवार, २९ ऑगस्ट. सकाळी ९.४०

तीन बोटं. ओठ पांढरे. संस्थेच्या तातडीच्या विभागात आलो आहोत. चालत आली ती, माझा हात धरून. उचलून आणायला हवी होती. चालत येणाऱ्याला कुणी —

खिडकीवर दुसरीच सिस्टर होती, तिने तक्ता पुढे केला. सहा चेहरे, हसऱ्यापासून रडव्यापर्यंत. बोट ठेव म्हणाली. भिंगरीने हसऱ्यावर ठेवलं.

हिरवी चिठ्ठी मिळाली. हिरवी म्हणजे थांबा. मी अहवाल दाखवला. शंभरात नऊ. पोटाचं सांगितलं. ती म्हणाली, फाइलमध्ये आहे काका, डॉक्टर बघतील, आधी ज्यांना जास्त त्रास होतोय ते. खरंच आत मुलं रडताहेत. ऐकू येतंय. सुई न मिळालेली मुलं.

१०.१५

मोठ्या डॉक्टरांची गाडी अजून नाही. फोनताई खाली फाटकाशी उभ्या आहेत. आले की थेट वर आणणार.

भिंगरीला सांगितलं, पुन्हा विचारलं तर रडव्या चेहऱ्यावर बोट ठेव. ती म्हणाली खोटं कशाला. मी म्हणालो खेळ आहे. मग तयार झाली.

१०.३०

पुन्हा नेली खिडकीवर. बोट बरोबर ठेवलं. पण हसत होती. सिस्टर पण हसली.

१०.५०

सराव करतोय. तोंड वाकडं कर. पोट धर. श्वास आखडून घे. तिची आई कशी करायची ते दाखवलं. मी, इथे, सगळ्यांसमोर. बाकावरची माणसं बघताहेत. ती नीट लक्ष देऊन पाहत होती. मग तिने विचारलं,

"बाबा, दुखतं म्हणजे नेमकं काय होतं?"

नऊ वर्षांची पोर, सहा महिन्यांपूर्वीपर्यंत महिन्यातले आठ-आठ दिवस — विसरली. सगळं विसरली.

११.०५

मांडीवर डोकं ठेवून पडली आहे. हात गार. नखं — श्वास मिनिटाला बेचाळीस. पुढे सात चिठ्ठ्या. खिडकीवर तिसऱ्यांदा गेलो. हळू आवाजात सांगितलं. माझा आवाजच असा आहे, काचेपलीकडे पोचत नाही. सिस्टर म्हणाली काका, बसा.

११.१२

डोळे उघडे. माझ्याकडे बघते. विचारलं कसं वाटतंय. मस्त, म्हणाली. फक्त तुम्ही लांब का बसलात. मी इथेच आहे. मांडीवरच आहे तिचं डोकं —

११.१४

ती ओरडणार नाही. तिला येत नाही. जन्मात कधी आवाज चढवला नाही मी, बायको गेली तेव्हाही नाही. डॉक्टरांसमोर नाही, त्या दिवशी नळाचं मनात आलं तेव्हा नाही. आता वही ठेवतो. तिच्या वाटचं मीच ओर